परदेशात घर आणि व्हिसा: आधी ३१ मार्च बघा, मग ब्रोशर

गेल्या महिन्यात घोडबंदर रोडवरचं एक जोडपं आमच्या नौपाड्यातल्या घरी आलं. तो आयटीत, ती एका औषध कंपनीत. हातात गुळगुळीत कागदाचं जाडजूड ब्रोशर आणि प्रदर्शनात मिळालेली कापडी पिशवी. हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये दुबईच्या बिल्डरांचं प्रदर्शन होतं, तिथून थेट माझ्याकडे. "काका, वीस लाख दिरहमचा फ्लॅट घेतला की दहा वर्षांचा व्हिसा मिळतोय. टोकन भरायचं ठरतंय, तुम्ही फक्त एकदा नजर टाका."

मी बँकेच्या फॉरेन एक्सचेंज डेस्कवर आयुष्य काढलं, त्यामुळे ब्रोशरमधला स्विमिंग पूल मला दिसत नाही, त्यामागची रेमिटन्स (परदेशी जाणारी रक्कम) दिसते. चहा येईपर्यंत पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड केली आणि त्यांना म्हटलं, तुम्हा दोघांना मिळून हा फ्लॅट एका आर्थिक वर्षात घेताच येणार नाही. कायद्याने पैसे पुरत नाहीत. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, कारण हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? विकणाऱ्याला तिकडचा कायदा पाठ असतो, इकडचा नसतो.

परदेशात घर घेणं म्हणजे तीन वेगवेगळ्या दारांतून जाणं. एक, भारतातून पैसा बाहेर जाण्याचं दार. दोन, त्या देशात परक्या माणसाला घर विकत घेता येतं का, हे दार. तीन, घर घेतल्यावर तिथे राहता येतं का, हे दार. लोक तिसऱ्या दारापासून सुरुवात करतात. मी एक-दोन-तीन याच क्रमाने जायला सांगतो, फक्त त्याआधी एक प्रश्न विचारून घेतो.

आधीचा प्रश्न: घर कशासाठी?

निम्म्या लोकांचं उत्तर असतं, "मुलगा तिकडे आहे, नातवंडं आहेत, जाऊन-येऊन राहता यावं." मग घराची गरजच नाही. मुलगा कॅनडाचा नागरिक किंवा कायम रहिवासी असेल तर आईवडिलांसाठी सुपर व्हिसा असतो, त्यावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं. अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा भारतीयांना बहुधा १० वर्षांचा मिळतो, मात्र दर खेपेला किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण ६ महिन्यांपर्यंत. आखातात नोकरी करणारी मुलं पगाराच्या अटी पूर्ण करून आईवडिलांना स्पॉन्सर करू शकतात. हे सगळे मार्ग घराच्या किमतीच्या पासंगालाही पुरणार नाहीत इतके स्वस्त आहेत.

दुसरं उत्तर, "भाडं येईल, गुंतवणूक होईल." ठीक, पण मग व्हिसाचा मोह बाजूला ठेवून निव्वळ हिशेब करा. तिसरं उत्तर, "दुसरा देश हाताशी असावा." लेख खऱ्या अर्थाने या लोकांसाठी आहे.

पहिलं दार: पैसा बाहेर कसा जातो

भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशात घर घ्यायचं तर फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, लागतो, आणि मुख्य वाट एकच: रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना, म्हणजे बँकेच्या भाषेत एलआरएस. एका माणसाला एका आर्थिक वर्षात, १ एप्रिल ते ३१ मार्च, २,५०,००० डॉलर पाठवता येतात. यात तुमची परदेशातली सहल, मुलीच्या शिक्षणाची फी, परदेशी शेअर सगळं धरलेलं असतं. फेब्रुवारीत युरोपची टूर केली असेल तर तेवढे डॉलर आधीच खर्ची पडलेत, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

आता तो पाकिटावरचा हिशेब. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, १ डॉलरला ३.६७२५ दिरहम. नवराबायकोचे मिळून ५,००,००० डॉलर म्हणजे १८,३६,२५० दिरहम. दुबईच्या त्या दहा वर्षांच्या व्हिसाला, म्हणजे गोल्डन व्हिसाला, घर लागतं २०,००,००० दिरहमचं. त्यावर दुबई लँड डिपार्टमेंटची ४ टक्के हस्तांतरण फी, म्हणजे आणखी ८०,०००. एकूण साधारण ५,६६,००० डॉलर. ६६,००० डॉलर कमी पडले.

"मग आईचं नाव घालतो," तो म्हणाला. नियम असा आहे की मालमत्तेसाठी कुटुंबातल्या माणसांची मर्यादा एकत्र करता येते, पण ज्याचे डॉलर त्याचं नाव मालकीत हवं. आईच्या खात्यातून पैसे गेले तर आई सहमालक. आणि इथेच तिसरं दार पहिल्यावर आपटतं. दुबईत सहमालकांच्या बाबतीत प्रत्येकाचा हिस्सा स्वतंत्र बघतात. नवराबायकोला लग्नाचा प्रमाणित दाखला दाखवून हिस्सा एकत्र धरता येतो, आईला ती सवलत नाही. आईचा हिस्सा वजा झाला की जोडप्याचा हिस्सा वीस लाखांच्या खाली. फ्लॅट मिळाला, व्हिसा गेला.

यातून बाहेर पडायचा सरळ मार्ग कॅलेंडरात आहे. ३१ मार्चच्या आत दोघांनी आपापली मर्यादा वापरायची, आणि उरलेली रक्कम १ एप्रिलनंतर नव्या वर्षाच्या मर्यादेतून पाठवायची. दोन-तीन आठवड्यांच्या फरकाने दोन वर्षांची मर्यादा हाताशी येते. विक्री करारात रक्कम दोन टप्प्यांत द्यायची तारीखवार अट आधीच लिहून घ्यायची. बँकेचा फॉरेक्स विभाग मार्चअखेर कसा असतो हे मी आतून पाहिलंय, म्हणून ३० मार्चला फॉर्म घेऊन उभे राहू नका. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फाइल आत गेली पाहिजे.

टीसीएस: जो पैसा परत येतो, पण आत्ता लागतो

परदेशी घरासाठी पाठवलेल्या रकमेवर, एका माणसामागे एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर जे जाईल त्यावर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच गोळा होणारा आयकर) कापते. ही १० लाखांची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून आहे, त्याआधी ७ लाख होती. हा वेगळा कर नाही, तुमच्या नावावर आयकर खात्याकडे जमा झालेली आगाऊ रक्कम आहे. पण हातात हवीच.

हिशेबाला सोपा म्हणून डॉलर ९० रुपये धरू. प्रत्येकाने अडीच लाख डॉलर पाठवले म्हणजे २.२५ कोटी रुपये. त्यातले १० लाख सोडले तर २.१५ कोटींवर २० टक्के, ४३ लाख रुपये. दोघांचे ८६ लाख. पुढच्या वर्षीच्या उरलेल्या रकमेवरचे धरले तर साधारण ९४ लाख. म्हणजे ५.१ कोटींच्या घरासाठी खात्यात ६ कोटींच्या वर तयार हवेत. जोडप्याच्या चेहऱ्यावरचा रंग या आकड्याला उतरला, आधीच्या नव्हे.

यातही मार्च कामाला येतो. मार्चमध्ये कापलेला टीसीएस त्याच वर्षाच्या विवरणपत्रात, म्हणजे येत्या जुलैत दाखवता येतो, आणि परतावा काही महिन्यांत सुटतो. हीच रक्कम एप्रिलमध्ये गेली तर विवरणपत्र भरायलाच पुढचा जुलै उजाडतो. म्हणून मोठी रक्कम मार्चमध्ये, छोटी एप्रिलमध्ये. नोकरदारांना आता पगारातल्या टीडीएसमध्ये हा टीसीएस वळता करून घेता येतो, त्यासाठी कंपनीच्या पेरोल विभागाला कळवावं लागतं.

बँकेच्या काउंटरवर

पॅन, फॉर्म ए-२, एलआरएसचं प्रतिज्ञापत्र, विक्री कराराची प्रत, पैशाचा स्रोत. खातं वर्षभर जुनं असावं ही अपेक्षा असते, नसेल तर जुन्या बँकेचं स्टेटमेंट किंवा आयकर विवरणपत्र मागतात. फॉर्मवर परपज कोड असतो. परदेशातल्या स्थावर मालमत्तेचा कोड एस-०००५. गर्दीत एखादा नवखा अधिकारी 'जवळच्या नातेवाइकाचा उदरनिर्वाह' टाकून मोकळा होतो. घाईत तुम्हीही सही करता. चार वर्षांनी कोणी विचारलं की घराचे पैसे उदरनिर्वाहाच्या नावाने कसे गेले, तर उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं. सही करण्याआधी तो एक रकाना वाचा, बाकी फॉर्म नाही वाचलात तरी चालेल. (चालणार नाही, पण माणसं वाचत नाहीत हे मला ठाऊक आहे.)

काही गोष्टी साफ चालत नाहीत. भारतातल्या बँकेला अशा गुंतवणुकीच्या रेमिटन्ससाठी कर्ज देता येत नाही, त्यामुळे ठाण्यातलं घर गहाण टाकून दुबईचं घेतो हे विसरा. प्रदर्शनात क्रेडिट कार्ड घासून टोकन भरणं हीदेखील चुकीची वाट. तो पैसा एलआरएसच्या दारातून गेलेलाच नसतो, आणि रक्कम लहान असली तरी फेमाचा प्रश्न मोठा होतो. हवालाबद्दल मी बोलतही नाही. निवासी भारतीयाने परदेशी बँकेचं गृहकर्ज काढणं हाही फेमाचा विषय आहे. एजंट "होऊन जाईल सर" म्हणतो तेव्हा त्याच्याकडून ते लेखी मागा.

बांधकाम चालू असलेल्या घराचे हप्ते चार-पाच वर्षं चालतात, आणि ते पुढच्या वर्षांच्या एलआरएस मर्यादेवर उभे असतात. ही मर्यादा काही दगडावरची रेघ नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरत असताना रिझर्व्ह बँकेने ती एका झटक्यात २ लाख डॉलरवरून ७५,००० वर आणली होती, आणि परदेशात घर घेणंच बंद केलं होतं. पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झालं, पण मधल्या काळात ज्यांचे हप्ते लटकले त्यांचे फोन मी घेतलेत. तेव्हापासून मी तयार घराच्या बाजूचा आहे. पाठवलेला पैसा वापरला गेला नाही तर १८० दिवसांत परत आणावा लागतो, हेही ध्यानात ठेवा. सौदा मोडला म्हणून डॉलर तिकडेच पडून राहू देत, असं चालत नाही.

ठाण्यातला एक फ्लॅट विकून परदेशात घ्यायचा विचार असेल तर आणखी एक चटका: घर विकून घर घेतल्यावर भांडवली नफ्यावर जी सूट मिळते, ती नवं घर भारतात असेल तरच. दुबईत घेतलंत तर पाचपाखाडीच्या जुन्या फ्लॅटवरचा नफा पूर्ण करपात्र.

दुसरं दार: तिथे परक्याला घर मिळतं का

इथे देशागणिक तऱ्हा वेगळी. दुबईत २००६ च्या कायद्याने परदेशी माणसाला ठरावीक भागांतच पूर्ण मालकी मिळते, मरीना, डाउनटाउन, पाम जुमेराह वगैरे. थायलंडमध्ये जमीन परक्याच्या नावावर होत नाही. कॉन्डोमिनियममधलं युनिट होतं, पण इमारतीच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते, आणि पैसा परकीय चलनात आल्याचा बँकेचा दाखला लागतो. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून परदेशी लोकांना घरखरेदी बंद केली, ती बंदी १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून जुनी, वापरात असलेली घरं परदेशी माणसाला विकणं थांबवलं. सिंगापूरमध्ये बंदी नाही, पण परदेशी खरेदीदाराला २७ एप्रिल २०२३ पासून ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क आहे. याला बंदी म्हणायचं नाही तर काय? इंग्लंडमध्ये घेता येतं, परदेशी म्हणून २ टक्के आणि दुसरं घर म्हणून ५ टक्के जादा शुल्क भरून.

अमेरिकेत कोणीही घेऊ शकतो. पण तिथे एक खड्डा आहे जो सहसा कोणी दाखवत नाही. तिथला रहिवासी नसलेल्या परदेशी माणसाचा मृत्यू झाला तर त्याच्या अमेरिकेतल्या मालमत्तेवर वारसा कर लागतो, ४० टक्क्यांपर्यंत, आणि माफी फक्त ६०,००० डॉलरपर्यंतची. न्यू जर्सीत मुलाच्या शेजारी बाबांच्या नावावर घर घेण्याआधी हा आकडा मुलासमोर ठेवा.

तिसरं दार: घर घेतलं, आता राहायचं कसं

अमेरिका, इंग्लंड, सिंगापूर इथे घर घेतल्याने व्हिसा मिळत नाही. घराची किल्ली तुमच्या खिशात असली तरी आत जायला तोच साधा व्हिजिटर व्हिसा. युरोपातल्या शेंगेन (एकच व्हिसा चालणाऱ्या) देशांत तर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, एवढंच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे प्रवेश-निर्गमाची नोंद बोटांच्या ठशांनी आणि संगणकाने व्हायला लागली आहे, त्यामुळे पासपोर्टवरचा शिक्का पुसट आला म्हणून दोन दिवस जास्त राहून घेतलं, हे दिवस संपले.

ज्या देशांत घराच्या जोरावर राहायचा परवाना मिळतो, त्यांची यादी झपाट्याने आटते आहे, आणि एजंटांच्या वेबसाइटा जुन्याच आहेत. पोर्तुगालचा घरखरेदीचा गोल्डन व्हिसा ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाला. स्पेनचा, ५ लाख युरोवाला, ३ एप्रिल २०२५ ला बंद झाला. तरी गेल्या दिवाळीत मला "स्पेनमध्ये घर घ्या, युरोपात राहा" असा संदेश आला होता.

ग्रीसचा चालू आहे, पण २,५०,००० युरोत कुठेही घर हे चित्र आता इतिहासजमा. १ सप्टेंबर २०२४ पासून अथेन्सचा ॲटिका प्रांत, थेसालोनिकी, मिकोनोस, सँटोरिनी आणि ३,१०० पेक्षा जास्त वस्तीची बेटं इथे ८,००,००० युरो, उरलेल्या ठिकाणी ४,००,०००. आणि ते एकच घर हवं, किमान १२० चौरस मीटरचं. अडीच लाखांचा दर उरलाय तो व्यापारी जागेचं घरात रूपांतर केलेल्या किंवा जतन केलेल्या वारसा इमारतींपुरता. परवाना ५ वर्षांचा, नूतनीकरण होतं, वर्षात अमुक दिवस राहण्याची सक्ती नाही. मात्र असं घर पर्यटकांना दिवसांच्या भाड्याने देता येत नाही, दिलं तर ५०,००० युरो दंड. "एअरबीएनबीवर टाकू, हप्ता सुटेल" हा मराठी माणसाचा आवडता हिशेब इथे कोलमडतो. आठ लाख युरो म्हटले की नवराबायकोच्या दोन वर्षांच्या मर्यादाही काठावरच पुरतात.

सायप्रसला ३,००,००० युरो अधिक व्हॅट, बिल्डरकडून नवं घर, आणि दोन वर्षांतून एकदा तरी तिथे पाऊल ठेवायचं. सायप्रस शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे या परवान्यावर पॅरिस फिरता येत नाही.

मॉरिशसकडे आपली माणसं फारशी बघत नाहीत, याचं मला नवल वाटतं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे, गणपती बसतात. सरकारमान्य योजनेतलं घर ३,७५,००० डॉलरच्या वर घेतलं तर घर तुमचं असेपर्यंत निवास परवाना. नवराबायकोच्या एका वर्षाच्या मर्यादेत हे बसतं, मार्च-एप्रिलची कसरत लागत नाही.

आणि दुबई. २०,००,००० दिरहमच्या घराला १० वर्षांचा गोल्डन व्हिसा. पूर्वी किमान १० लाख दिरहम रोख भरलेले हवेत अशी अट होती, ती जानेवारी २०२४ मध्ये काढली. नेहमीचा रहिवासी व्हिसा सलग ६ महिने देशाबाहेर राहिलं की रद्द होतो, गोल्डनला ते बंधन नाही. ठाण्यात राहून वर्षातून दोनदा जाणाऱ्याला याचाच खरा फायदा. जोडीदार आणि मुलांना त्यावर स्पॉन्सर करता येतं. मेडिकल, बोटांचे ठसे आणि एमिरेट्स आयडी यांसाठी स्वतः तिथे जावं लागतं. घर विकलं की व्हिसाचा आधारच जातो.

मध्येच कोणी कॅरिबियन पासपोर्टचं गाजर दाखवतं: डोमिनिका, सेंट किट्स वगैरे. निवास परवाना आणि नागरिकत्व यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं आणि पासपोर्ट जमा करावा लागतो. मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढता येतं, पण त्यावर शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. गावाकडे चार गुंठे घ्यायची इच्छा मनात असलेल्यांनी हे आधी वाचावं.

कागद: तांदळात लिहिलेलं नाव

फाइल नेमकी अडते ती पैशावर नाही, नावावर. हे मी अनुभवाने सांगतो.

माझी बायको माहेरची शुभांगी. लग्नात गुरुजींनी ताटात तांदूळ पसरले, मी अंगठीने त्यात मेधा लिहिलं, सासरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव मेधा. पासपोर्ट लग्नाआधीच्या शाळेच्या दाखल्यावरून काढलेला, त्यावर शुभांगी आणि मधलं नाव वडिलांचं. लग्नाची नोंदणी केलेलीच नव्हती, होता तो कार्यालयाच्या पावतीसोबत मिळालेला एक रंगीत कागद. लेकीकडे आखातात जाण्यासाठी कागद जमवायला बसलो तेव्हा सरकारच्या दृष्टीने शुभांगी आणि मेधा या दोन बायका होत्या, आणि माझं लग्न त्यांपैकी कोणाशीच झालेलं नव्हतं. हे निस्तरायला आमचे चार महिने गेले.

म्हणून क्रम असा ठेवा. लग्नाची नोंदणी महापालिकेच्या विवाह निबंधकाकडे करून घ्या, लग्नाला तीस वर्षं झाली असली तरी होते. लग्नपत्रिका असेल तर शोधून ठेवा, तीन साक्षीदार न्या. नाव बदललेलं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नोंद करून घ्या. मग पासपोर्ट त्या नावाचा करा. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं, तिथूनच पोलीस क्लिअरन्सचा दाखलाही मिळतो. हे सगळं जुळल्यावरच करारावर नाव घाला, कारण दुबईच्या मालकीपत्रावर नाव पासपोर्टवरून उतरतं आणि तिथून पुढे तेच चालतं.

दाखल्यांच्या प्रमाणीकरणाचे दोन रस्ते आहेत. एकमेकांचे दाखले मानणाऱ्या हेग करारातल्या देशांसाठी ॲपोस्टिल नावाचा एक शिक्का पुरतो, भारत त्यात २००५ पासून आहे. यूएई, म्हणजे दुबईचा देश, त्या वाटेने जात नाही. तिथे साखळी लागते: राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या वकिलातीचा, आणि तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा, सोबत अरबी भाषांतर. यात आठवडे जातात. मार्चमध्ये पैसे पाठवायचे तर हे काम दिवाळीनंतर लगेच सुरू करायचं.

घर घेतल्यानंतरचा आयकर

व्हिसा मिळाला म्हणजे एनआरआय झालो, हा गैरसमज मी इतक्या वेळा ऐकलाय की आता चिडतही नाही. आयकरातला निवासी दर्जा दिवस मोजून ठरतो, खिशातल्या कार्डाने नाही. वर्षातले १८२ दिवस किंवा जास्त ठाण्यात काढलेत तर तुम्ही निवासीच, आणि जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र.

दुबईत व्यक्तीला घरभाड्यावर आयकर नाही, म्हणून ते 'करमुक्त भाडं' म्हणून विकलं जातं. भारतात निवासी असाल तर त्या भाड्यातून ३० टक्के वजावट जाऊन उरलेल्यावर तुमच्या स्लॅबने कर लागतो. तिकडे भरलेला कर नाही, म्हणून इथे वजा करायलाही काही नाही. बायकोच्या नावचे डॉलर तुम्ही तिला भेट दिलेल्या पैशातून गेले असतील तर तिच्या हिश्शाचं भाडं तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. घर बंद ठेवलंत तरी सुटका नाही: स्वतःच्या वापराची म्हणून दोनच घरं धरता येतात. ठाण्यात एक, रत्नागिरीला एक आणि तिसरं दुबईत, तर त्यातल्या एकाचं काल्पनिक भाडं उत्पन्नात येतं.

विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट असतं. त्यात घर, तिथलं बँक खातं सगळं दाखवायचं, भाडं शून्य असलं तरी. आयटीआर-१ चालत नाही. या परिशिष्टाला कॅलेंडर वर्ष लागतं, जानेवारी ते डिसेंबर. मार्चमध्ये घेतलेलं घर म्हणून त्या जुलैच्या विवरणपत्रात नाही तर पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात येतं, आणि तोवर माणूस विसरलेला असतो. न दाखवल्यास काळा पैसा कायदा, २०१५ खाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. २० लाखांपर्यंतच्या किरकोळ परदेशी मालमत्तेला अलीकडे या दंडातून सूट दिली आहे, पण स्थावर मालमत्ता त्या सवलतीत नाही.

विकताना दोन वर्षांवरचं घर असेल तर नफ्यावर १२.५ टक्के, आणि पैसे १८० दिवसांत पुन्हा गुंतवायचे किंवा भारतात आणायचे.

मृत्युपत्र वेगळं करा. दुबईत बिगर-मुस्लिमांसाठी डीआयएफसी या तिथल्या वित्तीय केंद्राच्या न्यायालयांकडे मृत्युपत्राची नोंद करता येते, आणि ती केलेली बरी. नाही तर वारसांना इथले दाखले घेऊन तीच शिक्क्यांची साखळी पुन्हा चढावी लागते, तीही दुःखात.

आणखी एक, प्रदर्शन ठाण्यात भरलं म्हणून प्रकल्प महारेराच्या कक्षेत येत नाही. दुबईच्या घराची तक्रार दुबईतच. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचे पैसे तिथल्या कायद्याने एस्क्रो (त्या प्रकल्पापुरत्या राखीव) खात्यात जायला हवेत. खात्याचं नाव प्रकल्पाचं आहे की कोणा 'सल्लागारा'चं, हे पाठवण्याआधी दुबई लँड डिपार्टमेंटच्या नोंदीशी ताडून बघा. स्विफ्ट मेसेज एकदा गेला की मागे वळत नाही.

घोडबंदरचं जोडपं परवा पुन्हा आलं होतं. टोकन भरलं नव्हतं. ती पिशवीतून कागद काढत म्हणाली, "काका, माझंही लग्नात नाव बदललंय. आणि आमची नोंदणी राहिलीच आहे." तो मोबाइलवर महापालिकेची अपॉइंटमेंट शोधत होता, आणि लग्नातला तिसरा साक्षीदार आता पुण्याला राहतो की नागपूरला, यावर दोघांचं एकमत होत नव्हतं.